भिवराबाईच्या रानातली तार

धारूरच्या किल्ल्यामागून जो डोंगर खाली उतरतो, त्याच्या पायथ्याला चार-पाच घरांची वस्ती आहे. तिथलं शेवटचं घर भिवराबाईचं. घराला लागून तीन एकर रान, रानाच्या वरच्या अंगाला डोंगर, आणि बांधावरून डोंगरात चढणारी एक पाऊलवाट.

भिवराबाई भित्री, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक. मोटारसायकलवर मागं बसली की ती डोळे घट्ट मिटून घेते. एसटीत दाराजवळची जागा मिळाली तर उभी राहील, पण तिथं बसणार नाही. कुणी मोठ्यानं बोललं तरी हातातलं भांडं खाली ठेवते. नवरा धर्मराज चारचौघांत हसत सांगायचा, "आमची बायकू सोताच्या सावलीला बी भ्येती." मग तीही पदर तोंडाला लावून हसायची.

विजेची भीती मात्र वेगळी होती. ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. मुलगा सत्यम चाकणला कंपनीत लागेपर्यंत नवरा-बायको दरवर्षी कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. एका साली टोळीतला बिभीषण नावाचा पोरगेला गडी पाटावरच्या मोटारीजवळ पाणी भरायला गेला. भिवराबाई त्याच्या मागं घागर घेऊन उभी होती. उघड्या तारेला त्याचा हात लागला आणि तो तिथंच चिकटला. तो ओरडला नाही. नुसता तिच्याकडं बघत राहिला. कुणीतरी लाकडानं त्याला बाजूला पाडलं तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवसापासून घरातला दिवा लावतानाही ती आधी हात पदराला पुसते.

आणि यंदा धर्मराजनं रानाभोवती करंट सोडला.

त्याचंही काही खोटं नव्हतं. डोंगरातली रानडुकरं दोन वर्षं सुखानं पीक घरात येऊ देत नव्हती. मागच्या भादव्यात कळपानं एका रात्रीत मक्याचा असा भुगा केला, की सकाळी धर्मराज बांधावर बसून राहिला आणि दुपारपर्यंत उठलाच नाही. त्यानं रानाभोवती जुन्या साड्या बांधून पाहिल्या, डबे वाजवले, फटाके उडवले. डुकरं चार दिवस बिचकली, पाचव्या दिवशी साड्या तुडवून आत आली.

यंदा मका कणसावर आला तसा धर्मराजनं तारेचं भेंडोळं आणलं. बांबूच्या खुंट्या ठोकल्या, गुडघ्याखाली येईल अशी तार रानाभोवती फिरवली आणि तिचं टोक घरातल्या बोर्डापर्यंत आणलं.

"ह्ये काय करताव?" भिवराबाईनं दारातूनच विचारलं.

"दिसत न्हाई का? आता येऊ दी म्हनावं."

"आवं, पर वाट हाय तिथं. मानसं येतेत-जातेत."

"दिवसा येतेत. मी दिस बुडाल्यावर बटन दाबनार, उजाडलं की बंद. रातच्याला दुसऱ्याच्या रानात कुनी यावंच कावून?"

"अजमतबी अंधारातच येती की."

"तिला सांगीन मी. माझं रान हाय, मी राखनार. कुनाला इचारू आता?"

अजमतबी धारूरच्या बसस्टँडवर फळं विकते. नवरा गेल्यावर तिनं हा धंदा हातात घेतला. डोंगरातली सीताफळाची झाडं ती हंगामापुरती मक्त्यानं घेते. पहाटे अंधारातच येऊन डोळे उघडलेली, म्हणजे पिकायला आलेली फळं पाटीत भरते आणि पहिल्या गाडीला माल लावते. तिची आईही याच वाटेनं डोंगरात जायची. येता-जाता अजमतबी भिवराबाईकडं पाणी प्यायची, दोन चांगली फळं तिच्या ओट्यावर ठेवायची. दोघींची ओळख जुनी, पण बोलणं बेताचंच. अजमतबीला थांबायला वेळ नसायचा.

धर्मराजनं तिला अडवून सांगितलं, "उजाडल्याशिवाय हिकडून यायचं न्हाई. करंट हाय."

अजमतबीनं पाटी डोक्यावरून उतरवलीसुद्धा नाही. "धर्मराजभाऊ, माझी पयली गाडी गेली तर माल सडतो. आमी ह्या वाटेनं तुमच्या बापाच्या टायमापासून येतो. तुमी वाटंवर मरन अंथरनार, अन् घरी बसायचं मी?"

"मग ये. मला सांगायचं ते सांगितलं."

"येते."

दोघंही आपापल्या जागी ठाम राहिले, आणि भीती तेवढी भिवराबाईच्या वाट्याला आली.

संध्याकाळी धर्मराजनं बटण दाबलं की बोर्डावरचा लाल दिवा लागायचा. भिवराबाई त्याच्याकडं पाठ करून भाकरी थापायची. तरी तो दिवा तिला दिसत राहायचा. रात्री झोप नाही. बाहेर कुत्रं ओरडलं की ती उठून दाराशी यायची. कोंबडं आरवायच्या आधी ती उठायची, शाल गुंडाळून वाटेच्या तोंडाशी जाऊन बसायची. दुरून अजमतबीच्या चपलांचा आवाज आला की हाक द्यायची, "थांब गं! तिथंच थांब!" मग पळत घरात जाऊन बटण बंद करायची, परत येऊन तिला पलीकडं लावायची.

धर्मराजला हे कळत होतं. तो कूस बदलून झोपायचा.

एकदा दिवसा, तार बंद असताना, तिनं आपलं लाल लुगडं फाडून चिंध्या केल्या आणि वाटेजवळच्या तारेला बांधल्या. येणाऱ्याला निदान दिसेल. संध्याकाळी धर्मराजनं त्या एकेक करून सोडल्या.

"हे कावून सोडता?"

"उद्या कुनी फोटू काढला, तक्रार केली, मग? असला करंट सोडायला परवानगी नसती."

तो हे अगदी सहज बोलून गेला. भिवराबाईनं मात्र ते शब्द पकडले. म्हणजे हे चुकीचं आहे, हे यांना माहीत आहे. माहीत असूनही ते रोज जेवून शांत झोपतात. त्या रात्री तिला तारेपेक्षा नवऱ्याचीच भीती जास्त वाटली.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. धर्मराजच्या बहिणीचे सासरे वारले. दहाव्याला त्याला माजलगावला जावं लागलं, मुक्कामही तिकडंच. निघताना त्यानं तीनदा बजावलं, "दिस बुडाला की दाबायचं. मका हाताशी आलाय. इसरू नको. मी फोन करीन."

दिवस बुडाला. फोन आला. "दाबलं का?"

"दाबते."

"दाब, मी फोन चालूच ठिवतो."

तिनं हात पदराला पुसला आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. "दाबलं," ती म्हणाली. आता उजाडेपर्यंत वाटेनं कुणी येत नाही, असं स्वतःला समजावत तिनं चूल पेटवली.

भाकरी तव्यावर होती तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. तिला वाटलं धर्मराजच. पण तो अजमतबीचा मुलगा यासीन होता. त्याचं धारूरला गॅरेज आहे.

"मावशी, अम्मी तुमच्याकडं हाय का?"

"न्हाई बाबा. कावून?"

"पहाटं पावसानं जमलं न्हाई, म्हनून दुपारी डोंगरात गेलती. दिवेलागनीच्या आत येते म्हनली. अजून आली न्हाई. फोन लागंना."

भिवराबाईच्या हातातून फोन सुटला. तिनं तो उचललाच नाही. ती बोर्डाकडं धावली आणि बटण बंद केलं. लाल दिवा विझला. पण तिचा बटणावर भरवसा बसेना. बोर्डात दोन पिना होत्या, एक तारेची आणि एक टीव्हीची. दोन्ही वायरी काळ्या. तिनं घाईनं एक पीन उपसून काढली, बॅटरी घेतली आणि बाहेर पडली. तव्यावरची भाकरी तशीच जळत राहिली.

दिवसभर पाऊस झाला होता. बांध निसरडा होता. अंधार नुकता पडत होता, डोंगराची कड अजून दिसत होती. ती तारेपासून हातभर लांब राहून चालत होती आणि हाका मारत होती, "अजमतबी! ए अजमतबी!"

उत्तर नाही.

वाटेच्या तोंडाशी आली तेव्हा बॅटरीच्या उजेडात तिला तारेवर काहीतरी काळं पडलेलं दिसलं.

अजमतबी काळा बुरखा घालायची.

भिवराबाई जागेवरच खाली बसली. हातातली बॅटरी चिखलात पडली आणि तिचा उजेड भलतीकडंच, मक्याच्या ताटांवर पडला. बिभीषण तिच्याकडं बघत होता तसंच आता कुणीतरी बघतंय असं तिला वाटलं. बटण तिनंच दाबलं होतं. धर्मराज तर माजलगावला होता.

किती वेळ गेला कोण जाणे. मग तिनं चिखलातून बॅटरी उचलली आणि रांगत पुढं झाली. उजेड टाकला. राठ केस, आखूड पाय, मातीत रुतलेला सुळा. ते रानडुक्कर होतं.

ती रडायला लागली. डुकरासाठी नाही आणि कुणासाठी नाही, नुसतीच.

"कौन है?" वरून, डोंगराच्या बाजूनं, बारीक आवाज आला.

भिवराबाईनं बॅटरी वर केली. तारेपलीकडं, थोड्या उंचावर, दगडाला टेकून अजमतबी बसली होती. पाय लांब केलेला, बुरखा चिखलानं भरलेला, शेजारी सीताफळं सांडलेली.

"अगं, मी भिवरा! हाक मारली तर बोलली कावून न्हाईस?"

"आवाजच निघंना बाई." अजमतबीचे दात वाजत होते. "पाय मुरगळला. बसत-बसत खाली आले. आता उतरनार तेवढ्यात हे डुक्कर माझ्या म्होरून पळालं. माझ्या डोळ्याम्होरं तारेला चिकटलं. असं ओरडलं, असं ओरडलं... या अल्लाह. दोन पावलं म्होरं असते तर..."

रोज ताठ मानेनं जाणारी अजमतबी लहान पोरीसारखी अंग चोरून बसली होती.

"ये आता. बंद केलंय मी," भिवराबाई म्हणाली. "ये, मी हात देते."

अजमतबी हलली नाही. "तार बंद हाय?"

"बंद हाय. पीन बी काढलीय."

"तू हात लावून दाखव."

भिवराबाई तारेकडं बघत राहिली. बॅटरीच्या उजेडात तार नुसती एक बारीक रेघ दिसत होती. पीन काढली हे खरं. पण कोणती काढली? तारेची, का टीव्हीची? बटण तर बंद केलंय. बटण बंद आहे का? लाल दिवा विझला होता, पण वीज गेल्यावरही तो विझतोच, आणि गेलेली वीज परतही येते. घरातला दिवा चालू होता का निघताना? आठवेना. परत घरी जाऊन बघून यावं, असं तिला वाटलं. पण तिनं पाठ फिरवली, तसा अजमतबीनं असा काही आवाज केला, की तिला जाववेना.

"नको जाऊ बाई. मला हितं एकटी नको सोडू."

ऊसतोडीला असताना एका म्हाताऱ्या मुकादमानं सांगितलं होतं, वायर चालू आहे का बघायचं तर तळहात कधी लावू नये, मूठ आवळली जाते. हाताची पाठ लावावी, झटका बसला तर हात मागं फेकला जातो. त्यानंही माणूस वाचतोच असं नाही, हेही तो म्हणाला होता.

भिवराबाईनं हात पदराला पुसला. पदर ओला होता. तिनं पुन्हा पुसला. सत्यमचं तोंड डोळ्यांपुढं आलं, त्याच्या धाकट्या लेकीचं आलं. हात पुढं नेला आणि मागं घेतला. पुन्हा नेला. मग डोळे मिटून तिनं उलटा हात तारेवर टेकवला.

तार थंड होती. बाकी काही नाही.

"बघ," ती म्हणाली.

तिनं तार पायानं चिखलात दाबली. अजमतबी तिच्या खांद्यावर भार टाकून एका पायानं अलीकडं आली. घरी येताच भिवराबाईनं यासीनला फोन केला. थोड्या वेळानं यासीन गाडी घेऊन आला आणि आईला घेऊन गेला. जाताना अजमतबीनं भिवराबाईचा तोच हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

ते गेल्यावर भिवराबाईनं बोर्ड पाहिला. बटण बंदच होतं. बाहेर उपसून ठेवलेली पीन मात्र टीव्हीची होती. ती तिथंच भिंतीला टेकून बसली.

सकाळी उजाडल्यावर तिनं तार सोडायला घेतली. एकेका खुंटीवरून काढत, गुंडाळत ती रानभर फिरली. दुपारी धर्मराज आला. त्यानं आधी मेलेलं डुक्कर पाहिलं, मग अंगणातलं भेंडोळं पाहिलं.

"कुनाच्या हुकमानं काढली?"

"माझ्या."

असं उत्तर तिनं उभ्या जन्मात दिलं नव्हतं. धर्मराजनं भेंडोळ्याला लाथ घातली. "मका खाऊ घालायचा का डुकरांना? माझं रान हाय. माझ्या रानात मी काय बी करीन!"

भिवराबाई मागं सरकून भिंतीला लागली. पण बोलली. "रान तुमचंच हाय. मी न्हाई म्हनत न्हाई. पर वाटंनं येनाऱ्याचा जीव बी आपल्या सातबाऱ्यावर हाय व्हय?"

संध्याकाळपर्यंत धर्मराजनं तार पुन्हा ओढली. दिवस बुडताना तो बोर्डाकडं वळला, तर बायको घरात नाही. बाहेर येऊन पाहतो, तर ती वाटेच्या तोंडाशी, तारेला जवळजवळ खेटून, चिखलात मांडी घालून बसलेली.

"येडी झालीस का? ऊठ तिथून!"

"मी हितंच बसते. कुनी आलं तर सांगते."

"सगळी रात?"

"सगळी रात."

ती नखशिखांत थरथरत होती, हे त्याला लांबूनही दिसत होतं. तो शिवी हासडून आत गेला आणि आडवा झाला. बटण त्यानं दाबलं नाही. रात्री डुकरं आली आणि मक्याचा एक कोपरा साफ करून गेली. पुढचे चार दिवस बटण बंदच राहिलं. भिवराबाई रोज संध्याकाळी जाऊन तिथंच बसायची.

पाचव्या दिवशी धर्मराज बाजारातून लवकर परत आला. पिशवी ओट्यावर टाकली आणि पाणी मागितलं. तांब्या तोंडाला लावला, पण पाणी अंगावरच जास्त सांडलं.

"शेजारच्या तालुक्यात मेंढरं राखनारा एक गडी गेला," तो म्हणाला. "असल्याच तारेला. दोन लेकरं हायेत त्याला. शेतवाल्याला पोलिसांनी नेलं. त्या शेतवाल्याची बायकू ठान्याम्होरं बसलीय म्हने."

भिवराबाईनं तांब्या त्याच्या हातातून घेतला.

"अजमतबी भेटलती स्टँडवर." तो थांबला. "तू तारेला हात लावलातास?"

"लावला."

"तार बंद हाय हे पक्कं ठावं व्हतं?"

"न्हाई."

धर्मराजनं तिच्याकडं पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं तार सोडली.

पुढं काय करायचं, हा प्रश्न होताच. यासीननं बॅटरीवर चालणारं झटका मशीन आणून बसवून दिलं. त्याचा झटका जनावराला मागं फेकतो, मारत नाही. वाटेवर त्यानं बांबूचं फाटक केलं आणि वर धोक्याचा इशारा लिहिलेली पांढरी पाटी लावली. अजमतबीनंही थोडं ऐकलं. आता ती झुंजुमुंजू झाल्याशिवाय येत नाही, आणि फाटकाशी आल्यावर हाक देते. पहिली गाडी तिची कधी चुकते, मग स्टँडवर बसून ती धर्मराजच्या नावानं बोटं मोडते. डुकरंही अधूनमधून घुसतात. यंदाचा मका चार आणे तरी गेलाच. धर्मराज ते बोलून दाखवतो, भिवराबाई ऐकून घेते. मशीनची टिकटिक सुरू झाली की ती अजूनही त्या बाजूनं जात नाही.

या उन्हाळ्यात ओढ्यापलीकडच्या बंकटनं भुईमूग केला आणि रानाभोवती तार ओढल्याचं तिच्या कानावर आलं. दोन दिवस ती नुसती ओट्यावर येरझारा घालत होती. तिसऱ्या दिवशी चप्पल घालून ओढा ओलांडून गेली. बंकट तापट माणूस. त्याच्या दारात कुत्रं बांधलेलं होतं, ते भुंकायला लागलं. भिवराबाई दोन पावलं मागं सरली, पण परतली नाही. बंकटची बायको सुकन्या बाहेर आली.

"काकू, तुमी? बसा की."

"बसत न्हाई. बंकटला बोलीव. त्या तारेचं बोलायचंय."

बंकट आला, उभ्यानं ऐकलं. "काकू, आमचं आमी बगू की," एवढंच म्हणाला आणि गोठ्याकडं गेला.

ती परत आली, पाणी प्यायली. धर्मराजनं विचारलं, "काय म्हनला?"

"काय न्हाई. उद्या पुन्यांदा जाते."

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा धर्मराज टोपी घालून तिच्या मागं चालू लागला. ओढा ओलांडला तसं कुत्रं पुन्हा भुंकायला लागलं. भिवराबाई थबकली, आणि तो बायकोच्या पुढं झाला.